मोहम्मद गौस आणि तानसेन यांच्या मकबऱ्यातल्या निसर्ग-वारसा फेऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या हजीऱ्यात आम्ही ज्या फेऱ्या काढतो त्यांच्याबद्दल फोनवर, लग्नाच्या पंगतीत, अगदी भाजी घेतानासुद्धा तेच तेच प्रश्न विचारले जातात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. आमची संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली काही मराठी घरं, किलागेट-हजीऱ्याकडची काही मंडळी आणि पहाटे उठायची खोड असलेले पक्षीवेडे, एवढाच हा गोतावळा.

ही जागा म्हणजे बाग आहे की कबरस्तान?

दोन्ही, पण आधी कबरस्तान. किल्ल्याच्या पायथ्याशी, जुन्या ग्वाल्हेरात हा परिसर आहे. मोठा मकबरा सूफी संत मोहम्मद गौस यांचा, जवळच चौथऱ्यावर खांबांच्या छत्रीखाली तानसेनची लहानशी कबर आणि आजूबाजूला आणखी कितीतरी कबरी. काहींवर नाव नाही, काहींची कड जमिनीबरोबर आली आहे. यांच्यामधून वाटा, हिरवळ, कडुलिंब, चिंच. सकाळी एखादा माणूस फातेहा पढत उभा असतो, पलीकडे कोणी प्राणायाम करत असतो आणि कोणाचं कोणावाचून अडत नाही.

आमच्या सगळ्या फेऱ्या या क्रमानेच बेतलेल्या आहेत. कोणी दुवा मागत असेल तर फेरी दुसरीकडून वळते. दुर्मीळ पक्षी त्याच बाजूला बसला असेल तरी.

मोहम्मद गौस कोण? आम्हाला फक्त तानसेन माहीत आहे.

बहुतेकांचं तसंच असतं, पण मोठा मकबरा गौस यांचा आहे, हे आधी लक्षात घ्या. शत्तारी या सूफी परंपरेतले हे संत. १५२६ मध्ये बाबराच्या माणसांना ग्वाल्हेरचा किल्ला घेता आला त्यात गौस यांच्या सल्ल्याचा हात होता, हे खुद्द बाबराच्या आठवणींत आलं आहे. हुमायूनच्या पाडावानंतर ते गुजरातेत गेले, पुढे परतले आणि १५६३ मध्ये वारले. मकबरा त्यानंतरचा, अकबराच्या काळातला.

आम्हाला सगळ्यात भावते ती वेगळीच गोष्ट. हठयोगावरच्या ‘अमृतकुंड’ या ग्रंथाचं फारसी रूप गौस यांनी विस्ताराने सिद्ध केलं. त्याच्या १६०० च्या आसपासच्या एका सचित्र हस्तलिखितात योगी एकेक आसन घालून बसलेले दिसतात. ते हस्तलिखित आज डब्लिनला आहे. हिरवळीवर आसनं घालणाऱ्या काकांना हे सांगितलं की ते एकदा मकबऱ्याकडे आणि एकदा आमच्याकडे बघतात.

तानसेन हे गौस यांच्या फार जवळचे, शिष्य मानले जातात. गाव ग्वाल्हेरजवळचं बेहट. आधी बांधवगडच्या राजा रामचंद्राच्या दरबारी आणि १५६२ च्या सुमारास अकबराकडे. मृत्यूचं साल कोणी १५८६ देतात, कोणी १५८९. फेरीत यावर वाद घालू नका, हवा असेल तर नंतर चहावर घालू.

मराठी माणसांचा या जागेशी काय संबंध?

हा प्रश्न पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात. ग्वाल्हेरचे विचारत नाहीत.

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला आणि त्या तळाचंच लष्कर शहर झालं. हजीरा त्या लष्करापासून जरा लांब, किल्ल्याच्या पलीकडे. तरी दोन गोष्टींनी ही जागा आपल्या घरात आली. पहिली म्हणजे गाणं. ग्वाल्हेरची गायकी हद्दू-हस्सू खाँ यांच्या परंपरेतून वासुदेवबुवा जोशींकडे, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आणि तिथून विष्णु दिगंबर पलुस्करांमार्फत साऱ्या महाराष्ट्रात गेली. इकडे शंकर पंडित, कृष्णराव शंकर पंडित, राजाभैया पूछवाले ही घराणी इथेच राहिली. भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये निघालेलं माधव संगीत विद्यालय लष्करातच. अशा गावात तानसेनची कबर ही ‘त्यांची’ आणि गाणं ‘आपलं’ असा हिशेब कोणी मांडत नसे.

दुसरी गोष्ट समारोहाची. माधवराव शिंद्यांच्या काळात १९२४ मध्ये तानसेनचा उरूस म्हणून हे सुरू झालं आणि २०२४ च्या डिसेंबरात शंभरावा तानसेन समारोह झाला. त्याची सुरुवात संध्याकाळच्या झगमगत्या मंचावर होत नाही. ती होते सकाळी, कबरीपाशी. शहनाई वाजते, ढोलीबुवा महाराज हरिकथा करतात, मग मीलाद होतो, चादर चढते. मराठी परंपरेतले कथेकरीबुवा मकबऱ्याच्या आवारात उभे राहून ईश्वर आणि सूर यांच्याबद्दल बोलतात, समोर टोपीवाले, पगडीवाले, शाळेची पोरं एकाच सतरंजीवर. संध्याकाळच्या मैफलीला गर्दी उसळते, या सकाळीला मोजकीच माणसं असतात. आमचं ऐकाल तर सकाळच चुकवू नका.

कबरस्तानात सहलीसारखं फिरणं बरं दिसतं का? घरचे नको म्हणतात.

घरच्यांचं निम्मं बरोबर आहे. सहलीसारखं फिरणं बरं दिसत नाहीच. चटई पसरून पत्ते, ब्लूटूथ स्पीकर, कबरीवर बसून फोटो, यासाठी ही जागा नाही.

उरलेलं निम्मं म्हणजे ‘अमावास्येला नको’, ‘गरोदर बाईने नको’, ‘घरी आल्यावर डोक्यावरून आंघोळ’. ज्यांना आंघोळ करायची त्यांनी जरूर करावी, मे महिन्यात तर आम्हीही करतो. आमच्यातल्या एका आजींनी सुरुवातीला फाटकाबाहेरच थांबायचं ठरवलं होतं. आत हुदहुद आला आहे असं नातवाने ओरडून सांगितलं आणि त्या पदर खोचून आत आल्या. आता फेरीचा दिवस त्याच आठवण करून देतात.

फेऱ्यांत नक्की काय असतं?

दर फेरीला एकच विषय. सगळं एकदम दाखवायला गेलं की लोक माना हलवतात आणि काहीच घेऊन जात नाहीत.

पक्ष्यांची फेरी पहाटेची. झाडांची फेरी वर्षातून निरनिराळ्या ऋतूंत, त्याच झाडांभोवती, म्हणजे काल मोहरलेला कडुलिंब आज निंबोळ्यांनी कसा भरला ते कळतं. मकबऱ्याच्या दगडी जाळ्यांची फेरी वही-पेन्सिल घेऊन. ऐकण्याची फेरी आमच्या सगळ्यांची लाडकी. त्यात ठरावीक वेळ कोणी बोलायचं नाही, डोळे मिटून बसायचं आणि नंतर काय काय ऐकलं ते कागदावर लिहायचं. संगीताच्या विद्यार्थ्यांना वाटतं आपण यात पहिले येणार. बहुतेक वेळा भाजीची गाडी चालवणारे एक भाऊ बाजी मारतात. पोपट कुठल्या दिशेने गेले, पानं कोणत्या झाडाची वाजली, कोणाची चप्पल तुटकी आहे, सगळं त्यांच्या कागदावर असतं.

जाळ्यांमध्ये एवढं बघण्यासारखं काय आहे?

यायला उशीर झाला तरी चालेल, पण जाळीपाशी घाई नको.

गौस यांचा मकबरा चौकोनी, चार कोपऱ्यांना षट्कोनी बुरूज, वर मोठा घुमट आणि घुमटावर एकेकाळी निळ्या झिलईच्या फरशा. दुरून पाहिलं तर जाड, बसकी इमारत. जवळ गेलं की भिंत नाहीशीच होते. चारी बाजूंना वाळूच्या दगडात कोरलेल्या जाळ्याच जाळ्या. एका चौकटीत षट्कोन, शेजारच्या चौकटीत तारे, पुढच्या चौकटीत तारे आणि षट्कोन एकमेकांत अडकलेले.

एक चौकट निवडा. तिच्यातला एकच तारा निवडा आणि त्याची एक रेघ बोटाने हवेतल्या हवेत पुढे न्या, दगडाला बोट लावायचं नाही. ती रेघ ताऱ्यात संपत नाही. शेजारच्या ताऱ्याची बाजू होते, तिथून तिसऱ्याचा कोन होते आणि चौकटीच्या कडेला येऊन थांबते. म्हणजे कारागिराने तारे कोरलेलेच नाहीत. त्याने सरळ रेघा आखल्या आणि तारे आपोआप उमटले. मुलांना कंपास आणि पट्टी दिली की वर्तुळाचे सहा भाग करून हे त्यांना कागदावर जमतं. मोठ्यांना जरा वेळ लागतो.

जाळी नुसती शोभेची नाही. उन्हाचा झोत अडतो, वारा आत येतो. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिशीकडे असताना आतल्या ओवरीत उभं राहून पाहा. सकाळच्या तिरप्या उन्हात जाळीची नक्षी आतल्या फरशीवर पडते आणि ऊन चढेल तशी सरकत जाते. आणि खारी! जाळीच्या एका भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, शेपटी अडकत नाही कशी याचं कोडं आम्हाला अजून उलगडलेलं नाही.

तानसेनच्या चिंचेची पानं खाल्ली की गळा गोड होतो, हे खरं का? पानं तोडू का?

तोडू नका.

लांबलचक उत्तर असं. कबरीजवळच्या चिंचेची पानं चघळली की आवाज खुलतो, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि दूरदूरचे गवई श्रद्धेने ती पानं घेऊन गेले आहेत. जुनं झाड या श्रद्धेपायीच ओरबाडलं गेलं आणि आजची चिंच नंतरची आहे, असं इथे सांगतात. गळ्याचं म्हणाल तर चिंचेचा पाला आंबट, तोंडाला पाणी सुटतं, कोरडा घसा ओला होतो. तेवढ्याने तोडी सुरात लागत असती तर रियाज कोणी केला असता?

झाडाच्या बाजूने विचार करा. चिंचेचं एक पान म्हणजे मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर बसलेल्या बारीक पर्णिका. रात्री त्या जोडीजोडीने मिटतात, सकाळी पुन्हा उघडतात. पहाटेच्या फेरीला लवकर आलात तर अर्धवट मिटलेली पानं दिसतील. उन्हाळ्याच्या तोंडाशी पोपटी पालवी येते, मग मे-जूनच्या सुमारास फुलं. लालसर कळ्या, उमललं की पिवळट पाकळ्यांवर तांबड्या शिरा. इतकं सुरेख फूल, पण बघायला कोणी मान वर करत नाही, सगळ्यांचं लक्ष पानांकडे. पुढच्या वर्षी जानेवारीनंतर चिंचा पिकतात. खाली पडलेली चिंच उचलली तर आम्ही काही बोलत नाही.

ज्यांना पान हवंच असेल त्यांनी गळून पडलेलं घ्यावं. श्रद्धेला तेही चालतं, आम्ही विचारून पाहिलं आहे.

कोणते पक्षी दिसतात?

पोपट, सातभाई, बुलबुल, होला, सूर्यपक्षी, टकाचोर ही मंडळी ठरलेली. तांबटाची टुकटुक उन्हाळाभर. हुदहुद हिरवळीवर चोच खुपसत हिंडतो. राखी धनेश वड-पिंपळाची फळं पिकली की येतो आणि त्या दिवशी कोणाचंच जाळीकडे लक्ष लागत नाही. हिवाळ्यात काळसर, तांबूस शेपटीचा थिरथिरा दगडावर बसून शेपूट थरथरवतो, धोबी पक्षी हिरवळीवर पळतो. वर पाहायला विसरू नका. किल्ल्याच्या कड्यांकडून घारी येतात आणि अधूनमधून पांढरं गिधाडही. पिवळा चेहरा, पांढरं अंग, पंखांच्या कडा काळ्या. गिधाडांची संख्या देशभर कोसळली ती मुख्यतः गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. म्हणून एखादं गिधाड दिसलं की आम्ही फेरी थांबवतो.

पिंगळा दिसतो का, हे हमखास विचारतात. दिसतो. कुठल्या ढोलीत, ते लिहिणार नाही. फोटोसाठी झाडावर टकटक करणारे वाचकही असतात.

पक्षी ओळखता येत नाहीत, तरी येऊ का?

या. दुर्बीण नसली तरी चालतं. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी होते, भारत २०१३ पासून त्यात आहे. त्या दिवसांत आम्ही इथे निदान पंधरा मिनिटं थांबून दिसेल तो पक्षी आणि त्याची संख्या लिहितो आणि यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवतो. ओळखता न आलेला पक्षी यादीत घालायचा नाही, एवढा एकच नियम. ‘बहुतेक गरुड असावा’ असं म्हणणारे काका प्रत्येक गावात असतात.

वर लटकलेल्या आग्या मोहोळांची भीती वाटते.

वाटायलाच हवी. जुन्या इमारतींच्या छज्ज्याखाली, उंच कमानीत आग्या माश्या पोळी करतात आणि त्या कोणाची गय करत नाहीत. तीव्र अत्तर, डिओ लावून येऊ नका. पोळ्याखाली धूर, उदबत्ती, फटाके नकोत. दगड मारणाऱ्या मुलाचा हात तिथल्या तिथे धरा. घार किंवा मधुबाज पोळ्यावर झडप घालत असेल तर आमच्यापैकी कोणी काही सांगायची वाट न बघता तिथून लांब व्हा.

माश्या अंगावर आल्याच तर हात झाडत उभं राहू नका. ओढणी-उपरणं डोक्या-तोंडावर घ्या आणि सरळ पळत बंद खोली किंवा गाडी गाठा. काटा चटकन खरवडून काढा. धाप लागली, ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना. ज्यांना आधीच अ‍ॅलर्जी आहे त्यांनी फेरीच्या सुरुवातीलाच सांगावं.

परवानगी लागते का?

हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. चार जण येऊन शांतपणे बघतात, पक्षी मोजतात, त्याला कोणी अडवत नाही. पण सभा, स्वागतसमारंभ, मेजवानी, करमणुकीचा कार्यक्रम करायचा तर १९५९ च्या नियमांप्रमाणे लेखी परवानगी हवी. त्यामुळे आमच्याकडे माइक नाही, बॅनर नाही, दीपप्रज्वलन नाही, पाहुण्यांचा सत्कार तर नाहीच. शाळेचा वर्ग आणायचा असेल तर शाळेने आधी पत्र द्यावं, आम्ही मसुदा करून देऊ. स्मारकाला इजा केली, त्यावर नाव कोरलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे मुलांना आम्ही पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. ‘पप्पू लव्ह पिंकी’ असं कोरलेलं कुठेही दाखवता येतं, त्यामुळे समजावायला वेळ लागत नाही.

आम्हाला साफसफाई करायची आहे. ब्रश, ॲसिड घेऊन येऊ का?

कृपा करून नको. उत्साहाने केलेली सफाई पावसापेक्षा जास्त दगड खाते. ॲसिडने वाळूच्या दगडाचा पापुद्रा सुटतो, तारेच्या ब्रशाने कोरीव कड बोथट होते. दगडावरचे राखाडी-हिरवट ठिपके म्हणजे दगडफूल. तो मळ नव्हे. तेही खरवडायचं नाही. ते काढायचं की ठेवायचं हे पुरातत्त्वाच्या रसायनशाखेने ठरवावं.

फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप दिसलं की हात शिवशिवतात. तेही उपटू नका. मुळं आत सांध्यापर्यंत गेलेली असतात, वर ओढलं की चुना आणि दगडाचा टवका बरोबर येतो, आणि उरलेल्या मुळातून पुन्हा फुटवा येतो तो वेगळाच. फोटो काढा, जागा लिहा, तिथल्या कर्मचाऱ्याला दाखवा.

मग करायचं काय? हिरवळीवरचा गुटख्याच्या पुड्यांचा, प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांचा कचरा गोळा करा. पतंगांचा चायनीज मांजा झाडांत अडकलेला दिसला तर कळवा, त्यात पोपट आणि वटवाघळं अडकून मरतात. वाळलेला पाला मात्र झाडाखाली राहू द्या, सातभाईंचं सगळं घर त्याच्यावर चालतं.

वाढदिवसाला इथे झाड लावता येईल का?

नाही. संरक्षित आवारात आपल्या मनाने खड्डा खणता येत नाही आणि कबरींच्या मधे तर नाहीच. घराजवळ कडुलिंब लावा, आम्ही बघायला येऊ.

किती वाजता, कोणत्या महिन्यात?

आवार सूर्योदय ते सूर्यास्त. उन्हाळ्यात उजाडता-उजाडता सुरू आणि ऊन तापायच्या आत बंद. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरचं धुकं असं असतं की पाच पावलांवरची कबर दिसत नाही. तेव्हा उशिरा भेटतो आणि पक्ष्यांऐवजी ऐकण्याची फेरी करतो. पावसाळा झाडांसाठी सर्वांत चांगला, पण शेवाळाने फरशी निसरडी होते. समारोहाच्या दिवसांत आमची फेरी नसते. मांडव, पोलीस, गाड्या यांच्या गर्दीत आपली भर कशाला?

कपडे, चपला?

अंगभर, सुती, फार भडक नकोत. लोक जिथे चपला काढतात तिथे काढायच्या. कबरीपाशी जाताना डोक्यावर रुमाल, पदर, ओढणी, स्त्री असो वा पुरुष. कबरीवरून उडी मारायची नाही, कठड्यावर बसायचं नाही, पिशवीसुद्धा टेकवायची नाही.

आजी-आजोबांना जमेल का?

बागेतल्या वाटांवरून, सावकाश, हो. मकबऱ्याच्या चौथऱ्यावर चढायला पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच जाळ्या छान दिसतात आणि ऐकण्याच्या फेरीला तर बसूनच राहायचं असतं. औषधं आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा.

खायचं काय?

आवारात काही नाही. स्मारकात स्वयंपाक, खाणंपिणं नियमाने वर्ज्य आहे आणि खारींनाही शेव-कुरमुरे घालायचे नाहीत. फेरी संपली की बाहेर बेडई आणि जिलबी. याबाबतीत मराठी-हिंदी असा भेद ग्वाल्हेरात कधीच नव्हता.

फोटो, रील, ड्रोन?

मोबाईलवर आपल्यापुरते फोटो काढा. ट्रायपॉड आणि चित्रीकरणाला परवानगी लागते, ड्रोन नाही म्हणजे नाही. प्रार्थना करणाऱ्या माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढायचा नाही. लग्नाआधीचं फोटोशूट करायला आलेल्या एका जोडप्याला आमच्यातल्या काकूंनी इतकंच विचारलं, “आपल्या लग्नाचा फोटो कोणाच्या कबरीवर टेकून काढायचा आहे का?” ते किल्ल्यावर गेले.

तिथे गाऊ शकतो का?

मनातल्या मनात, गुणगुणत, हो. तानपुरा मांडून बैठक, नाही. ती परवानगीची गोष्ट आहे. तरुण गायक-गायिका कबरीपाशी येऊन एक सूर लावतात, डोळे मिटतात, नमस्कार करून निघतात. त्याला फेरीतल्या कोणी टाळी वाजवायची नाही, ‘वा’ म्हणायचं नाही, रेकॉर्ड तर मुळीच करायचं नाही.

भाषा कोणती?

माणसं बघून. मराठी, हिंदी आणि दोन्हींची ग्वाल्हेरी सरमिसळ. पक्ष्यांची नावं तिन्ही भाषांत सांगतो.

पैसे किती?

काही नाही. कोणी फेरीच्या नावाने पैसे मागितले तर तो आमच्यातला नाही.

अशाच दुसऱ्या जागी नेता का?

कधीकधी. लष्करात शिंद्यांच्या छत्र्या आहेत, तिथे जाळ्यांऐवजी मराठा-राजपूत धाटणीचं कोरीवकाम बघतो आणि पाकोळ्यांची घरटी शोधतो. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी. १८५८ च्या जूनमध्ये राणी इथेच पडल्या, दरवर्षी १७-१८ जूनला मोठी गर्दी होते, म्हणून आम्ही आधी किंवा नंतर जातो. वर्षातून एकदा, जमलं तर, शिवपुरी. तिथे माधवराव शिंदे आणि त्यांच्या आई सख्याराजे यांच्या छत्र्या समोरासमोर, मधे पाण्याचं कुंड आणि भोवती बाग. दिवसभराचा प्रवास आहे, डबा घरून आणावा लागतो.

मला मदत करायची आहे, पण पहाटे उठणं जमत नाही.

मग घरातली पत्र्याची पेटी उघडा. लष्करातल्या कित्येक घरांत तानसेन समारोहाचे, उरुसाच्या सकाळच्या हरिकथेचे, चिंचेखाली उभ्या असलेल्या आजोबांचे जुने फोटो पडून आहेत. आम्ही ते मागून नेत नाही. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाईलवर सरळ वरून फोटो काढा, मागच्या बाजूचाही काढा, कारण साल आणि नावं बहुधा तिथेच असतात. मागे काही लिहिलेलं नसेल तर घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला आजच विचारा आणि मऊ पेन्सिलने कोपऱ्यात लिहा, बॉलपेनने नको, शाई समोरच्या बाजूला उमटते. फोटो परत पेटीत ठेवताना मधे साधा कागद घाला आणि पेटी माळ्यावर न ठेवता खालच्या कपाटात ठेवा. ग्वाल्हेरचा माळा मे महिन्यात भट्टी होतो.